वतन आणि वेतन

‘पैशासाठी गेला’ हा आपल्या भाषेतील एक फार सोयीचा निवाडा आहे. तो देताना पुरावा लागत नाही, प्रतिवादीची कैफियत ऐकावी लागत नाही, आणि निवाडा देणाऱ्याच्या पदरी निःस्पृहतेचे पुण्य मात्र फुकट पडते. २०२२ च्या डिसेंबरअखेर क्रिस्तियानो रोनाल्डो हा फुटबॉलपटू सौदी अरेबियातील अल नस्र या संघात दाखल झाला आणि हा निवाडा जगभरच्या क्रीडासमीक्षेत नित्याचा झाला. जून २०२३ मध्ये सौदी राज्याच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने तेथील चार प्रमुख संघांची प्रत्येकी ७५ टक्के मालकी घेतली. पाठोपाठ बेन्झेमा गेला, नेमार गेला, आणि मग ओघच लागला. युरोपातील टीकाकारांनी तेल, लोभ आणि अधःपात या तीन शब्दांत प्रकरण मिटविले. आपल्याकडेही त्याच टीकेची री ओढली गेली.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय वकिलीचा. वादाचे मुद्दे नीट काढले गेले नाहीत, तर उत्तम पुरावा हाती असूनही दावा बुडतो, हे त्या व्यवसायात पहिल्या एकदोन वर्षांतच कळते. आपल्या देवळांतील अनुभवही निराळा नाही. कौल लावताना प्रश्नच संदिग्ध असला, तर उजवी पाकळी पडो की डावी, घरी परतणाऱ्याला बोध होत नाही. ‘खेळाडूने पैशासाठी परमुलखात जावे काय?’ हा प्रश्न असाच संदिग्ध आहे. तो नीट मांडावयाचा, तर अरबस्तानापर्यंत जाण्याआधी हैदराबाद शहरात थोडे थांबणे इष्ट होईल. कारण हा अनुभव या शहराने फार पूर्वीच घेतलेला आहे.

१९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने जिंकला. या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून त्याने आशियाई सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट निघाला. विस्मृतीत गेलेल्या एका थोर शिक्षकाचे स्मरण त्याने करून दिले, याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. परंतु त्याची सारी दृष्टी राष्ट्रध्वजावर खिळलेली असल्यामुळे तो पदकापाशी येऊन थांबतो. पदक जिंकणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी चूल पेटवावी लागते. ती चूल कुठे पेटली, हा प्रश्न चित्रपटाच्या कक्षेबाहेर राहिला. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

ती चूल बहुधा कलकत्त्यात पेटली. सिकंदराबादेच्या गरीब घरातला तुळसीदास बलराम १९५७ साली ईस्ट बंगाल संघात गेला. गोलरक्षक पीटर तंगराज पुढे कलकत्त्याच्या तिन्ही मोठ्या संघांतून खेळला. १९६६ मध्ये महंमद हबीब गेला. त्याचा भाऊ अकबर गेला, नईमुद्दीन गेला. त्या काळचे आखात म्हणजे कलकत्ता होते. तेथे पैसा होता, प्रेक्षक होते, कीर्ती होती. आणि सही होईपर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या नजरेस पडू नये म्हणून खेळाडूला लपवून ठेवणारे कार्यकर्तेही होते. हैदराबादेत काय होते? पोलिसातली नोकरी, मास्तरांचा शब्द आणि उन्हात तापलेले मैदान.

बलराम कलकत्त्यास गेला तो बंगालचाच झाला. हुगळीकाठच्या उत्तरपाडा गावी त्याने आयुष्य काढले आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगालातच देह ठेवला. हबीबने कलकत्ता गाजविले. १९७७ साली खुद्द पेले ज्या संघातून खेळत होता, त्या न्यूयॉर्क कॉसमॉसविरुद्ध ईडन गार्डनवर मोहन बागानकडून गोल केला. आणि उतारवयात तो हैदराबादेस परतला. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला तो येथेच निवर्तला. एक परतला, एक परतला नाही. दोघांपैकी कोणालाही या शहराने ‘पैशासाठी गेला’ असे म्हणून पंक्तीबाहेर बसविले नाही. उलट दोघांचीही नावे अभिमानाने घेतली. मग जो न्याय आपण घरच्या मुलांना लावला, तो परक्यांना का लावीत नाही?

येथे एका शब्दाचा विचार करावासा वाटतो. हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानी ‘वतन’ हा शब्द दोन अर्थांनी पडतो. शेजारचा उर्दू बोलणारा गृहस्थ वतन म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जन्मभूमी असते. आपल्या जुन्या दफ्तरांतले वतन मात्र वंशपरंपरेचा हक्क आणि त्या हक्काला जोडलेली सेवा असे असते. जन्मभूमीविषयीचे प्रेम आणि जन्माने गळ्यात पडलेली सेवा या दोन गोष्टी एकाच शब्दात नांदतात, आणि माणूस गाव सोडू लागला की आपण पहिल्या अर्थाचे नाव पुढे करून दुसऱ्या अर्थाचा हक्क सांगतो. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, ते काही गावावरचे प्रेम आटले म्हणून नव्हे. जन्मामुळे लादलेल्या सेवेतून सुटण्याचा पहिला दरवाजा वेतनाचा असतो, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या देवळांच्या इतिहासातही याचा दाखला आहे, आणि तो आपण सोयिस्करपणे विसरतो. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ ही माणसे गाव सोडून बाहेर पडली नसती, तर हिंदुस्थानी संगीताला केवढ्या धनास मुकावे लागले असते! देवळाच्या सेवेशी जन्माने जखडलेल्या घराण्यांतील कलावंतांनी मुंबईची वाट धरली, बिदागी घेतली, ठरविलेली बिदागी मिळेल तरच गाऊ असे म्हणण्याची हिंमत मिळविली. आणि मग, केवळ मगच, त्यांच्या कलेबरोबर त्यांच्या नावालाही मान मिळाला. त्यांना त्या वेळी ‘पैशासाठी गेली’ असे म्हणणारे लोक आपल्यातच होते. आज त्यांच्या तसबिरींना हार घालणारेही आपणच आहोत.

फुटबॉलमध्ये तर हे वतन कायद्याच्या भाषेत लिहिलेले होते. इंग्लंडमध्ये खेळाडूचा करार संपला, तरी जुन्या संघाची संमती असल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. पगार बंद, पण मालकी चालू, असा तो अजब प्रकार. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल संघाविरुद्ध दाद मागितली, आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरविली. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानला मात्र १५ डिसेंबर १९९५ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी युरोपीय न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूसाठी नव्या संघाकडून मोबदला मागण्याची प्रथा त्या महासंघाच्या देशांपुरती मोडीत काढली. आपल्या देशात याचे बीज जुनेच आहे. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम व्यवसायास प्रतिबंध करणारा करार निरर्थक मानते. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली श्रीरामपूरच्या झहीर खानला, त्याचे व्यावसायिक व्यवहार पाहणाऱ्या कंपनीच्या करारोत्तर बंधनातून मोकळे ठेवले. राज्यघटनेचे १९ वे कलम आहेच. तेव्हा जाण्याचा हक्क हा लोभाचा परवाना मानणे चुकीचे होईल. माणूस कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नाही, एवढेच तो हक्क सांगतो.

यावर कोणी म्हणेल, जाण्यास हरकत नाही, पण तेलाचा पैसा निराळा. हा आक्षेप तपासण्यासारखा आहे. पैसा जमिनीतून निघतो म्हणून तो अपवित्र ठरत असेल, तर आपली पंचाईत होईल. १९५८ सालचा रोव्हर्स चषक मुंबईच्या कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या संघाने जिंकला. त्याचा कोणाला विटाळ झाला नाही. गोव्यातील साळगावकर आणि धेंपो हे नामवंत संघ लोहखनिजाच्या व्यापारात मोठ्या झालेल्या घराण्यांनी पोसले. धेंपो संघाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या यशाने आपली छाती फुगली. खाणीने डोंगराचे काय केले, हे विचारण्यास मात्र आपण २०१२ साली खाणी थांबेपर्यंत फारसे उत्सुक नव्हतो. आणि आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले मस्कत, दुबई, कुवेत येथे नोकरीस आहेत. जीर्णोद्धाराच्या वर्गणीच्या याद्यांत ती गावे वाचताना आपण तेलाचा वास आला म्हणून पावती फाडणे थांबवीत नाही. थांबवूही नये.

इतिहासाचे चक्र तर याहून गमतीदार आहे. हैदराबादेच्या दक्षिणेस बारकस नावाची वस्ती आहे. बराकी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे हे दखनी रूप. निजामाच्या चाकरीसाठी अरबस्तानातील हद्रमौतहून आलेल्या शिपायांचे वंशज तेथे राहतात. त्या काळी पैसा येथे होता आणि माणसे तिकडून येत होती. हद्रमौतवर पुढे राज्य करणाऱ्या कुऐती घराण्याचा उदय हैदराबादेत जमादारी करून मिळविलेल्या संपत्तीतूनच झाला. तिकडच्या मायदेशाने आपल्या शिपायांना ‘पैशासाठी गेले’ म्हणून दूषण दिले असते, तर त्या भूमीचा इतिहासच वेगळा झाला असता. समुद्राच्या ज्या काठावर वेतन असते, त्या काठाकडे माणसे जातात. जगाची रीत हीच आहे.

तेव्हा दोष पैशात शोधू नये. मग तो आहे तरी कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी आहे, आणि रूढ टीका नेमक्या त्याच दोन ठिकाणांवरून घाईने पुढे जाते.

पहिले ठिकाण मालकाच्या स्वरूपाचे. कॅल्टेक्स ही कंपनी होती. तिने पगार बुडविला असता तर मुंबईच्या न्यायालयात तिला खेचता आले असते. जेथे संघाचा मालक स्वतः राज्य आहे, तेथे धनी, कायदा करणारा आणि सीमेवरचा पहारेकरी हे एकाच घरचे असतात. झहीर बेलूनिस या फ्रेंच-अल्जीरियन खेळाडूला याचा अनुभव आला. कतारमधील संघाशी पगाराचा वाद झाला. आणि मालकाच्या संमतीवाचून देश सोडण्याचा परवाना मिळत नसल्यामुळे तो कुटुंबासह तेथे अडकून पडला. २०१३ च्या नोव्हेंबरात तो सुटला. ‘कफाला’ म्हणतात ती हीच पद्धत. कतारने २०१८ आणि २०२० साली तिची बंधने बरीच सैल केली, सौदी अरेबियानेही २०२१ पासून काही केली, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु तत्त्व तेच राहते. जेथे जाण्याचा हक्क आहे पण परतण्याचा हक्क दुसऱ्याच्या मुठीत आहे, तेथे वेतन कितीही मोठे असो, ते पुन्हा वतनच झाले.

दुसरे ठिकाण विक्रीच्या मालाचे. खेळाडूने आपले कसब विकावे; ते त्याचेच आहे. पण इंग्लंडच्या जॉर्डन हेंडरसनचे प्रकरण पाहा. समलिंगी लोकांच्या सन्मानासाठी त्याने जाहीरपणे बाजू घेतली होती. अनेकांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. २०२३ च्या जुलैत तो, जेथे असे संबंध दंडनीय आहेत, त्या सौदी अरेबियात खेळावयास गेला आणि सहा महिन्यांत युरोपात परतला. त्या प्रश्नावर वाचकांची मते काहीही असोत. ज्याने दुर्बळाला ‘मी तुझ्या पाठीशी आहे’ असे सांगितले, त्याने करारावर सही करताना तो शब्द कोणत्या रकान्यात लिहिला, हे विचारण्याचा अधिकार त्या दुर्बळाला आहे. त्याने घेतलेल्या वेतनाविषयी माझी तक्रार नाही. दिलेला शब्द त्या वेतनाबरोबर विकला गेला, ही तक्रार आहे. राज्याला आपल्या कीर्तीसाठी खेळाडूचे पाय हवे असतात, त्याहून अधिक त्याचे मौन हवे असते. आणि मौनाची किंमत खेळाडूच्या किमतीतच मिळवलेली असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी हाती घेतली, तिच्याकडे वळतो. रोनाल्डोच्या नीतीची चर्चा करणारे आपण, शमशाबादच्या विमानतळावर रात्री रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहत नाही. करीमनगर, जगतियाल, निजामाबाद या जिल्ह्यांतून कित्येक वर्षे माणसे आखातात मजुरीस जात आहेत. खेळाडूसोबत वकील असतो, दलाल असतो, वाद झाल्यास जागतिक महासंघाचे न्यायपीठ असते. मजुराजवळ अरबी भाषेतला एक कागद असतो, जो त्याला वाचता येत नाही, आणि सावकाराचे कर्ज असते, जे त्याला विसरता येत नाही. २०२२ च्या विश्वचषकासाठी कतारमध्ये जी क्रीडांगणे उभी राहिली, ती भारत, नेपाळ, बांगलादेश येथील अशाच मजुरांच्या श्रमावर. अंगाची लाही करणाऱ्या उन्हात राबून त्यांतले कित्येक शवपेटीतून परतले, आणि मृत्यूच्या दाखल्यांवर ‘नैसर्गिक कारण’ एवढेच लिहिलेले अनेकांच्या घरच्यांनी वाचले. ११ डिसेंबर २०२४ रोजी २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियास देण्यात आला आहे. पुन्हा क्रीडांगणे उभी राहतील, पुन्हा आपल्याच जिल्ह्यांतून माणसे जातील. खेळाडूंच्या परदेशगमनाविषयी ज्यांना खरोखरीच नैतिक अस्वस्थता वाटते, त्यांनी ती या रांगेपासून सुरू करावी. वर्षाला कोट्यवधी युरो घेणाऱ्या खेळाडूला मी एकच प्रश्न विचारीन: ज्याने हे मैदान बांधले, त्याच्याविषयी एक वाक्य बोलण्याची मोकळीक तू करारात मागून घेतलीस काय?

राहिला प्रश्न मागे राहणाऱ्या गावाचा. माणूस गेला की गाव रडते. पण गावाने त्याला ठेवण्यासाठी काय केले? पुण्याचा संघ २०१९ साली विसर्जित झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. त्या संघाने २० मार्च २०२२ रोजी आपल्या मडगावच्या फातोर्डा मैदानावर अजिंक्यपद जिंकले. दोनच वर्षांत पैशाची इतकी ओढाताण झाली की, पगार थकल्याने खेळाडू संघ सोडू लागले. मालक बदलले, आणि २०२५ साली संघच उचलून दिल्लीस नेण्यात आला, नावही बदलले. खेळाडू संघ सोडतो तेव्हा निष्ठेची प्रवचने होतात. संघच शहर सोडून गेला, तेव्हा त्याच्या निष्ठेची झडती घेतल्याचे मात्र मला आठवत नाही.

गेलेल्या माणसाचे मूळ गावाशी काही देणे लागते, हे मला मान्य आहे. महासंघाच्या नियमांतही ते आता आले आहे: करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातील संघाकडे गेला, तर मोबदल्याचा पाच टक्के भाग त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांपर्यंत घडविणाऱ्या संघांत वाटला जातो. २०१७ साली कतारच्या पैशावर चालणाऱ्या पॅरिसच्या संघाने नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले, तेव्हा त्याला लहानपणी घडविणाऱ्या ब्राझीलच्या सांतोसलाही वाटा मिळाला. रहीमसाहेबांच्या काळी असा नियम नव्हता. कलकत्त्याने हैदराबादची मुले नेली, आणि ज्या मैदानावर ती घडली, ते मात्र सुकत गेले.

हा नियम आपणांस नवा वाटण्याचे कारण नाही. १५६० च्या सुमारास श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. आणि कुळावी तर कारवारपासून कोचीपर्यंत पांगले. तो जुलूम होता, हा व्यवहार आहे, हा फरक मी विसरत नाही. परंतु पांगलेल्यांशी नाते कसे राखावे, हे आपण त्यातून शिकलो. कुळाव्याने कुठे राहावे, काय मिळवावे, हे देवस्थान त्याला विचारीत नाही. जत्रेस यावे, पालखीला खांदा द्यावा, शक्य ते अर्पण करावे, आणि बाहेरगावी आपल्या नावाला बट्टा लागेल असे वागू नये, एवढीच अपेक्षा असते. ती पुरेशी आहे. आणि देवस्थानानेही कुळावी आला तर त्याला दोन घास आणि निजण्यापुरती जागा द्यावी लागते. हे दुसरे कलम आपण विसरता कामा नये.

म्हणून पुढच्या वेळी कोणी खेळाडू अरबस्तानात गेल्याची बातमी येईल, तेव्हा कौलाचा प्रश्न नीट मांडू या. त्याला परत येता येईल काय? तेथे त्याला बोलता येईल काय? ज्या मैदानाने त्याला घडविले, त्याची आठवण त्याने ठेवली काय? आणि शेवटचा प्रश्न आपल्यासाठी: तो येथेच राहता, तर त्याला देण्यासारखे वेतन आपल्याजवळ होते काय, की केवळ वतनच होते?